बांधावरची भाजी

वाचक भगिनींनो, दिवेलागणीची वेळ झाली की तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरी एकच प्रश्न उभा राहतो, ‘आज भाजी काय करायची?’ बटाटे असतात, डाळ असते. पालेभाजी हवी असेल तर आठवडे बाजाराची वाट पाहायची. मीही अशीच वाट पाहणारी. आमचे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. शेतात टोमॅटो आणि कांदा, आणि ताटात मात्र बाजारातून विकत आणलेली पालकाची जुडी. याचे मला कधी नवल वाटले नाही. गेल्या आषाढात मी अकोले तालुक्यात दोन दिवस राहून आले, तेव्हा ते वाटले. तीच हकिगत तुम्हांला सांगायची आहे.

दिवाळी झाली की अकोल्याच्या डोंगरी भागातली माणसे कामाच्या शोधात आमच्या बाजूला उतरतात. त्यांतल्या एक मावशी सात-आठ वर्षे आमच्याकडे टोमॅटोच्या तोडणीला येतात. सुट्टी झाली की बांधाबांधाने जायचे, तांदुळजा, चाकवत, घोळ असे काहीबाही खुडून ओटीत टाकायचे आणि मगच खोपीकडे वळायचे, ही त्यांची रीत. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी त्या रिकाम्या ओटीने परत आल्या. म्हणाल्या, “वयनी, बांधाला औषध मारलं काय?”

मी म्हटले, “होय मावशी, तण फार माजलं होतं.”

“तण कुठं व्हतं? भाजी व्हती की,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ते बोलणे मी त्या वेळी मनावर घेतले नाही. पुढे ज्येष्ठात सूनबाईंना दिवस राहिल्याचे कळले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रोज हिरवी पालेभाजी खायला सांगितली. तेव्हा मला मावशींची रिकामी ओटी आठवली. त्यांना फोन केला, तर म्हणाल्या, “आवणीच्या वक्ताला या. भाजी दावते.”

ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा रस्ता धरून एस.टी.ने राजूरच्या बाजूला गेले. हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा सह्याद्रीला टेकलेला भाग. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथलेच. प्रवरा नदी इथेच रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. तिच्यावरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्या पाण्यावर खाली मैदानात ऊस उभा राहिला. पाऊस इथला, धरण इथले, आणि इथली माणसे मात्र हिवाळ्यात कामासाठी घाट उतरतात. एस.टी.च्या खिडकीतून भाताची खाचरे पाहताना हे मनात येत राहिले.

मावशींच्या वाडीवर पोहोचले तेव्हा आवणी चालू होती. चिखलात वाकून बायका भाताची रोपे लावीत होत्या. आवणीच्या दिवसांत स्वयंपाकाला वेळ कुठला, असे तुम्हांला वाटेल. पण मावशी काम संपवून घरी येता येताच रात्रीची भाजी घेऊन आल्या. मला बरोबर घेऊन त्यांनी अर्ध्या तासात बांध आणि माळ फिरवला. टाकळ्याचे कोवळे शेंडे. कुरडूची पाने, तुरा यायच्या आधीची. फोडशी, म्हणजे गवताच्या पातीसारखी दिसणारी, जिला कोणी कुळी म्हणतात. आणि आपला ओळखीचा तांदुळजा. प्रत्येक वेळी त्या धाकट्या नातीला विचारीत, “ही कोणती?” नात नाव सांगे. चुकली तर मावशी ते पान तिच्या हातावर ठेवून चुरगळायला लावीत आणि वास घ्यायला सांगत. भाजीची अशी शाळा मी प्रथमच पाहिली.

एक गोष्ट मावशींनी मला दोनदा बजावली. जे पान ओळखीचे नाही ते तोंडात घालायचे नाही. रानभाजी ओळखणाऱ्याच्या हातानेच खुडावी. औषध मारलेल्या बांधावरची, रस्त्याकडेची आणि गटाराकाठची भाजी कधीही घेऊ नये.

आता रात्रीच्या स्वयंपाकाचे सांगते. कुरडू आणि तांदुळजा त्यांनी आधी तीन पाण्यांतून धुतला, मग चिरला. आपण पुष्कळदा चिरून मग धुतो आणि सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. चुलीवर लोखंडी कढई ठेवली. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतून, भिजवलेली मूठभर मुगाची डाळ टाकली. वरून भाजी घातली, पाणी मुळीच नाही. पाटीभर पाला बघता बघता कढईच्या तळाला बसला. मीठ अगदी शेवटी घातले. “आधी घातलं तर अंदाज चुकतो, भाजी खारट व्हती,” मावशी म्हणाल्या. फोडशीची पांढरी कडक बुडे काढून ती बारीक चिरली आणि थोडे बेसन लावून परतली. भाजी शिजल्यावर कढईत ठेवली नाही, लगेच काढून घेतली. सोबत नागलीची भाकरी, कांदा आणि लिंबाची फोड. आठ माणसे जेवली. विकत आणलेले त्यात मीठ, तेल आणि लिंबू एवढेच.

हे जेवण गरिबीचे म्हणून आपण नाक मुरडतो. पण आता थोडे शास्त्र ऐका. गडद हिरव्या पाल्यात लोह असते, रक्त वाढवणारे फोलेट असते आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्यही असते. मात्र पाल्यातले लोह शरीरात सहजासहजी मुरत नाही. लिंबू पिळले की जास्त मुरते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. म्हणून चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा. लोखंडी कढईतून थोडे लोह भाजीत उतरते, आणि चमचाभर तेलामुळे अ जीवनसत्त्वाचा भाग अंगी लागतो. नागलीत चुना भरपूर. मावशींना यातले एकही नाव ठाऊक नाही. पण त्यांच्या ताटात हे सगळे होते.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. भाजी पिकवणाऱ्या घरांतल्या बायकाही त्यांत आहेत. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते आपण खातो. पालेभाजी तर आधीच आटलेली असते. आपल्या वाट्याला कढई पुसण्यापुरती येते. मावशींच्या घरी भाजीची पहिली वाटी लेकुरवाळ्या सुनेच्या ताटात गेली. हे मी मुद्दाम सांगते आहे.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी बी जपले. मावशींसारख्या बायका पानांची ओळख जपतात. बी डब्यात ठेवता येते; ओळख मात्र आजीकडून नातीकडे हातोहातच द्यावी लागते. मधली एक पिढी चुकली की ती गेली. माझ्या सासूबाई बांधावरच्या दहा-बारा भाज्या ओळखत. मला चार येतात. सूनबाईंना एकही येत नव्हती.

घरी परतल्यावर मी यांच्याशी बोलले. वाद झाला, खोटे कशाला सांगू? तणाची मजुरी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. शेवटी विहिरीकडचा एक बांध आम्ही औषधाविना ठेवला. तिथे तांदुळजा आणि राजगिरा फोकला, कडेला अंबाडी लावली आणि शेवग्याची एक फांदी रोवली. सूनबाईंना मी ओळखीच्या भाज्याच दिल्या, रानातल्या कडू भाज्या नाहीत. गोळ्या एक दिवसही चुकू दिल्या नाहीत, कारण एवढे उतरलेले रक्त नुसत्या भाजीने भरून येत नाही. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहावर आले.

दिवाळीनंतर मावशी पुन्हा तोडणीला आल्या. पहिल्याच संध्याकाळी विहिरीकडच्या बांधाने गेल्या आणि भरल्या ओटीने परतल्या. काही बोलल्या नाहीत. त्यातली मूठभर भाजी माझ्या ओट्यावर ठेवून त्या खोपीकडे गेल्या.

भगिनींनो, तुमच्याही शेताला एखादा बांध असेल. आज संध्याकाळी सासूबाईंना नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या आजींना बरोबर घेऊन तिकडे एक फेरी मारा. घरातली मुलगीही सोबत न्या, आणि आजींना विचारा, “ही कोणती?”