कंसातला फॅब्रिशियस

कपडे वाळत घालताना मी अंगणातल्या तांबड्या मुंग्यांच्या वारुळावर अनवाणी उभा राहिलो आणि पायाची आग आग झाली. ही मुंगी नेमकी कुठली, एवढंच मी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, दोन-चार पकडून स्पिरिटमध्ये टाका. मोठ्या डोक्याचीही एक हवी."

सूक्ष्मदर्शकाखाली तिने मला मुंगीच्या मिशांची पेरं मोजायला बसवलं. आधी नऊ आली, मग अकरा. "दहा," भाची न बघताच म्हणाली. शेवटची दोन फुगीर, गदेसारखी. कमरेला दोन गाठी. मोठ्या मुंगीचं डोकं पत्त्यातल्या बदामासारखं, मधोमध खाच पडलेलं. या डोक्याच्या मुंग्या बिया फोडतात म्हणे. आणि आग होते ती चाव्याने नव्हे. तोंडाने नुसतं धरायचं, डंख मागून.

मग तिने चिठ्ठीवर नाव लिहिलं : सोलेनॉप्सिस जेमिनाटा (फॅब्रिशियस, 1804). कंसातलं ते टोपणनाव असावं, असं मला वाटलं. भाची हसली. डेन्मार्कच्या फॅब्रिशियसने अमेरिकेतल्या नमुन्यावरून हिचं बारसं केलं, पण आडनाव, म्हणजे नावातला पहिला शब्द, लावलं 'अट्टा'. पुढे ते बदललं. मुंगीचं आडनाव बदललं, की नाव ठेवणाऱ्याला कंसात बसवतात!

म्हणजे आमच्या अंगणातली ही मुंगी अमेरिकन? हो, मिरचीसारखीच. 2015 च्या एका जनुकीय अभ्यासानुसार सोळाव्या शतकात ती स्पॅनिश जहाजांतून अकापुल्कोहून मनिलाला गेली आणि तिथून पुढे पसरली. इथे ती इतकी मुरली, की 1851 मध्ये जर्डन नावाच्या अभ्यासकाने दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी करताना तिला नवीन समजून 'अट्टा रुफा' म्हटलं. रुफा म्हणजे तांबडी. मला हेच नाव आवडलं, आपल्या बोलण्यातलं. पण नियम असा, की एकाच जातीला दोन नावं पडली तर सहसा जुनं टिकतं. रुफा गेली.

'जेमिनाटा' म्हणजे जुळी. दोन तास बघूनही मला तिच्यात जुळं काही दिसलं नाही. भाची म्हणाली, नाव शोभायलाच हवं असा नियम नाही.

वारूळ अजून तिथेच आहे, दोरी मी हलवली. तुम्ही कधी हिचं नाव लिहिलंत, तर कंस तेवढा गाळू नका.