घाटातला डोल

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक जुनी व्हॅन घेतली. तीत निजण्याची फळी आणि शेगडी बसविली. मोहगावी अर्धनारीश्वराचे दर्शन घेऊन सौंसरमार्गे छिंदवाड्यास निघालो, की सिल्लेवानीच्या घाटात प्रत्येक वळणावर गाडी अशी कलंडे, की सौभाग्यवती डोळे मिटून घेत. मी रस्त्याला दोष देई.

सौंसरच्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून निकाल दिला, "साहेब, रस्ता बराबर हाय. बुश खल्लास झाले."

दोन्ही चाकांच्या बाजू जोडणारा आडवा पोलादी दांडा वळणावर पिळला जातो आणि गाडीचे झुकणे आवरतो. मात्र त्याला धरणारे रबरी बुश झिजले किंवा टोकांचे सांधे ढिले झाले, तर दांडा शाबूत असूनही त्याचा आधार उशिरा पोचतो. कमानपाट्यांच्या बुशांचेही तेच. नोकरीत असे कितीदा पाहिले होते. येथे मात्र ओळखले नाही!

आजोबा बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय गाव सोडीत नसत. आता पावसाळा सरला, की मीही प्रथम गाडीखाली डोकावतो. घाटात सौभाग्यवतींचे डोळे आता उघडे असतात.