नातीची गोळी



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली. मंदिरात सगळ्यांना हात जोडले. पण एकीची क्षमा मागताना दरवर्षी माझा आवाज अडखळतो. ती माझी नऊ वर्षांची नात.

ती तीन महिन्यांची असताना तिचे केस गळू लागले. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती लाल पुरळ आलं. सूनबाई म्हणाली, "आई, दाखवून येऊ का?" मी म्हटलं, "अगं, जावळ तर काढायचंच आहे, गळू दे. आपल्या अमरावतीचा उन्हाळा, घामोळं असेल." आणि खोबरेल तेल चोळत राहिले. महिन्याभरानं तिला झटके आले. झटक्यांच्या औषधानं ते थांबेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी केस आणि पुरळ पाहून रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल यायच्या आधीच बायोटिन सुरू केलं. निदान आलं : बायोटिनिडेज एन्झाइमची कमतरता. जगात साधारण ६०,००० बाळांत एकाला होणारा आजार.

बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. अन्नात ते प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायचं आणि वापरून झालेलं पुन्हा कामाला लावायचं, हे या एन्झाइमचं काम. मी बी.कॉम., मला ते असं उमगलं : वसुलीच होत नाही, म्हणून भांडवल रोज नव्यानं घालावं लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. आमच्या पिल्लाला १० मिलिग्रॅम, तेही जन्मभर.

पहिल्यांदा कॅप्सूल मिळाली. तिचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. मी हबकले. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी साधी गोळी लिहून दिली. ती चमचाभर दुधात कुटून देऊ लागलो. विचारलं म्हणून मार्ग निघाला. पण गोळी मिळाली नसती तरी औषध थांबवलं नसतं. आपल्या चार दानांत औषधदान आहेच ना?

काही दिवसांत झटके थांबले. काही महिन्यांत केस आले. कान मात्र पूर्ण परतले नाहीत. ती यंत्र लावून शाळेत जाते.

कुजबूज झाली, "सुनेकडून आलं." नाही हो! आई-वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. अर्धा वाटा आमच्या घरचा. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका.

म्हणून नातू झाला तेव्हा लगेच रक्त दिलं. त्यालाही तेच निघालं. गोळी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. आज तो पाच वर्षांचा आहे. दुसऱ्या खोलीत मी डबा उघडला तरी पळत येतो. घर तेच, आजार तोच, गोळी तीच. फरक फक्त चार महिन्यांचा.

गोव्यात सरकारनं २००८ मध्ये नवजात बाळांच्या रक्ततपासणीची योजना सुरू केली होती. टाचेतून काही थेंब रक्त, एवढंच. आपल्याकडे मागावी लागते. बाळंतपणाच्या डिंकलाडवांची तयारी आपण महिनाभर आधी करतो. त्या यादीत ही तपासणी लिहा. डॉक्टरांना स्वतः विचारा.

यंदा नात म्हणाली, "आजी, मीही उपवास करते, गोळीपण नको." मी म्हटलं, "बाळा, एकाशन कर हवं तर. पण गोळीचा त्याग हा त्याग नव्हे." तिनं गोळी घेतली. मग मी तिच्यापुढे हात जोडले. ती हसली, म्हणाली, "आजी, मोठ्यानं बोल ना!"

उत्तम क्षमा.