छोट्या बशांचा दस्तरखान

मालवणच्या किनाऱ्यावर हल्ली नव्या धर्तीची उपाहारगृहे निघाली आहेत. तिथे भरलेले ताट येत नाही. छोट्या बशांतून गावरान पदार्थ एकेक करून येतात आणि सगळ्यांनी मिळून खायचे. सुट्टीत आम्ही सहकुटुंब अशाच एका ठिकाणी बसलो.

कोंबडी-वडे मागवण्याआधी कोंबडी हलाल आहे का, ते विचारले. मालक सरळ म्हणाले, "खात्रीने सांगता येणार नाही. तुम्ही मासेच घ्या." त्यांचा खरेपणा आवडला. मग तिरफळ घातलेला बांगडा, घावणे, तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी आली. तिसऱ्यांची बशी आमच्या कोकणी भाभींपुढे गेली. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, आम्ही देशावरचे हनफी. शाफई मसलकात शिंपल्या चालतात, हनफीत नाहीत. मुलांनी कारण विचारले. दोन्ही मते आदराची आहेत, हे जेवता जेवताच सांगून झाले.

शेवटी वाटीभर कुळथाची पिठी आली. १ जूनला मासेमारी बंद होते, दर्या खवळतो, तेव्हा पिठी-भात आणि सुकी मासळी हाच इथल्या कष्टकरी घरांचा आधार. बिलातली तिची किंमत वाचून भाभी हसल्या, "आमच्या अम्मीने लाजेपोटी ही कधी पाहुण्यांपुढे ठेवली नाही!"

मुलांनी मात्र वाटी पुसून खाल्ली. आता पाहुणे आले की आपणही पिठी वाढावी, लाजू नये.