उभ्याचं माप

गळ्यात टेप अडकवून मी पुढे आलो की गिऱ्हाईक ताठ होतं. छाती पुढे, पोट आत, श्वास रोखलेला. असं घेतलेलं माप दुकानाच्या पायरीपर्यंतच खरं असतं. रस्त्यावर गेल्यावर पोट जागेवर येतं, खांदे उतरतात, मान मोबाईलकडे झुकते. मग तेच गिऱ्हाईक शर्ट परत आणून म्हणतं, "मास्तर, गळ्याशी ओढतोय."

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते टेपला हात लावण्याआधी माणूस आत कसा येतो ते बघायचे. कुठला खांदा खाली आहे, मान किती पुढे आहे, हात मांडीच्या बाजूला लोंबतात की मांडीसमोर. मग पाऊसपाण्याच्या, पोराबाळांच्या गप्पा काढायचे. माणूस बोलता बोलता सैल झाला की पाठीचं माप घ्यायचं.

शिंप्याला पाठ सगळं सांगते. पोक असलेल्या माणसाची पाठ मानेपासून कंबरेपर्यंत लांब भरते आणि पुढची बाजू आखूड. त्याला सरळ माणसाचा शर्ट कापला तर मागचा घेर वर उचलला जातो, कॉलर मानेमागे सुटते आणि पुढे गळ्यात रुतते. अशा वेळी योकपाशी पाठीला अर्धा-पाऊण इंच जादा द्यायचा आणि पुढून थोडं काढायचं. छाती काढून चालणाऱ्याचं उलट: त्याच्या कॉलरखाली आडवी चुणी पडते, म्हणजे पाठीतलं कापड जास्त झालंय. एक खांदा उतरलेला असेल तर त्या बाजूला गळ्यापासून काखेकडे तिरपा झोळ येतो. एकाच खांद्यावर जड पिशवी घेऊन वर्षानुवर्षं हिंडणाऱ्यांत मला हा झोळ फार दिसतो. ते दोष कापडाला देतात.

मुंढ्याबद्दलही असाच गैरसमज. खोल मुंढा म्हणजे हात मोकळा, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बाहीचा जोड काखेपासून जितका खाली, तितकी हात वर करताना बाही अख्ख्या शर्टाला सोबत ओढते. फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांचा खोचलेला शर्ट सुटतो तो यामुळे. मुंढा काखेजवळ हवा आणि बाही दंडाशी ऐसपैस. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला काखेत चौकोनी तुकडा जोडत. हात वर गेला की तो तुकडा उलगडायचा आणि सदरा जागेवर राहायचा.

पण खरी परीक्षा बसल्यावर. माणूस बसला की पँटचं मागचं आसन ताणलं जातं आणि पुढचं गोळा होतं. म्हणून मागचं आसन पुढच्यापेक्षा वर कापतात. हल्लीच्या कमी उंचीच्या कंबरेत तेवढी जागाच उरत नाही, मग पोरं स्कूटरवर बसून एका हाताने शर्ट खाली ओढत असतात. त्यात मागच्या खिशात फुगलेलं पाकीट, म्हणजे बसताना एक कुल्ला वर, एक खाली. कंबर दुखते म्हणून सांगणाऱ्याला मी आधी ते पाकीट काढायला लावतो. त्याला पैसे पडत नाहीत.

नवरदेवांची तर मला काळजीच वाटते. शेरवानीचं माप देताना पठ्ठ्या आरशासमोर राजासारखा उभा असतो आणि लग्नात त्याला पाटावर मांडी घालून बसायचं असतं. मांडी घातली की बैठक पसरते, पोट पुढे येतं, खालची बटणं ताणतात. म्हणून ट्रायलला मी त्याला जमिनीवर सतरंजीवर बसवतो, पुढे वाकायला लावतो, हार घालण्यासाठी उचलावेत तसे हात उचलायला सांगतो. सोबतचे मित्र हसतात. हसू देत. बाजूचे कट किती वरून सुरू करायचे हे मला त्या सतरंजीवर कळतं, आरशात नाही.

शिवणारा मात्र स्वतः दिवसभर वाकलेला. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते सुईवर झुकवून ठेवलं की सगळा भार मानेमागच्या स्नायूंवर येतो. माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा दिवा सुईजवळ ओढायला शिकवतो, म्हणजे डोळे सुईजवळ न्यावे लागत नाहीत. स्टूल असं हवं की मशीन चालवताना कोपर टेबलाच्या पातळीला येईल. कटिंग उभ्याने, कंबरेएवढ्या टेबलावर. पायमशीन होतं तेव्हा पाय तरी हलत होते. मोटर बसवल्यापासून पाय सुटले आणि कंबर धरली.

"ताठ बसा" हा सल्ला मला पटत नाही. ताठ बसलेला माणूस दोन मिनिटांत पुन्हा ढिला पडतो, ते मी रोज टेप हातात घेऊन बघतो. त्यापेक्षा जागचं उठावं. दोन शर्ट शिवून झाले की मी इस्त्रीला उभा राहतो, मग काज-बटणाला खाली बसतो. कुठलीही बैठक वाईट नाही, तीच तासन्‌तास धरून ठेवली की त्रास होतो. कपड्याचंही तेच. शरीर एका ठिकाणी थांबणार नाही हे धरून मी शिवणीत माया सोडतो.

तेव्हा पुढच्या वेळी माप द्यायला जाल तेव्हा खिसे रिकामे करा, रोजची चप्पल किंवा बूट घालून जा आणि दिवसभर तुमचं काम काय, ते आपल्या शिंप्याला सांगा. गाडी चालवता, फळ्यावर लिहिता, तबला वाजवता की खुर्चीत बसता, हे त्याला छातीच्या मापाइतकंच लागतं. आणि त्याने विचारलं नाही, तरी एकदा त्याच्यासमोर खाली बसून दाखवा.