शिशाचे सील

बॉयलर-निरीक्षक म्हणून आम्ही कानपुरास होतो, तेव्हाची गोष्ट. एका गिरणीतील सुरक्षा-झडप उतरवून कारखान्यात चाचणीच्या बाकावर चढविली. चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबास उघडावयाची, ती १२ वरही ढिम्म! सील तुटलेले, गळती थांबावी म्हणून कुणीतरी स्प्रिंगचा स्क्रू आवळलेला. "तीन साल से चूँ तक नहीं की, साहब," मिस्त्री कौतुकाने म्हणाला.

बैठक नि चकती बारीक पुडीने घासून, स्क्रू सैल करून पुन्हा दाब चढविला. बरोबर १० ला ती फुत्कारली, ९.५ ला मिटली. काय गोड वाटला तो फुत्कार! पण नवे सील ठोकताना आमचा हात अडखळला. १९२३ च्या कायद्यान्वये दरसाल दाखला द्यावयाचा. मागल्या दोन्ही दाखल्यांवर सही आमचीच होती. झडप त्या वेळी आम्ही खालूनच पाहिली होती.