डाळिंब्या सोलताना

आई-बाबा मस्कतला होते तेव्हा ताई आणि मी जयनगरला आजीपाशी वाढलो. आजी म्हणजे आईची आई. तिने आम्हाला जेवू-खाऊ घातलं, शाळेत धाडलं, तापात रात्र-रात्र उशाशी बसली. हे कोणतीही आजी करते. माझ्यावर तिचं ऋण आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. वयात येताना जी भीती मी माझ्या बहुतेक मित्रांच्या चेहऱ्यावर पाहिली, ती तिने माझ्यापर्यंत येऊच दिली नाही.

बंगळुरात थंडी पडली की बाजारात अवरेकाईचे ढीग लागतात. आजी फोर्थ ब्लॉकमधून शेंगा आणायची, दाणे रात्री भिजत घालायची आणि सकाळी आम्हा दोघांना परातीशी बसवायची. दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल बोटात राहते आणि डाळिंबी टपकन परातीत पडते. शेजारच्या अज्जी त्याला हितकिद बेळे म्हणत. आजीच्या लेखी ते वालाचं बिरडंच. हात गुंतलेले, नजरा परातीत, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, अशा वेळी आजी बोलायची. मुद्दाम काढलेला विषय वाटू नये इतक्या सहज, आणि आवाज न उतरवता. आवाज न उतरवणं मला आजही फार मोलाचं वाटतं. मोठी माणसं कुजबुजायला लागली की मुलाला कळतं, इथे काहीतरी घाण आहे.

ताईला पाळी आली त्या दिवशी शेजारच्या अज्जी तीळगुळाची चिगळी घेऊन आल्या आणि आरतीचं विचारू लागल्या. आजीने चिगळी आनंदाने घेतली, आरतीचं मात्र ताईलाच विचारलं. ताई नको म्हणाली, विषय तिथेच संपला. संध्याकाळी आजीने मलाही बसवून सगळं सांगितलं. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला का तयार होतं, का गळून पडतं, ताईचं पोट का दुखतं, आणि अशा दिवशी तिची पाण्याची बाटली मी का भरून द्यायची. आमच्या घरी कुणी लांब बसलं नाही.

माझी पाळी – म्हणजे बोलण्याची – दोनेक वर्षांनी आली. मॅजेस्टिकच्या बसस्टँडबाहेर कुणीतरी हातात कागद कोंबला होता: धातू जाणे, अशक्तपणा, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज. मी तो वाचला आणि घाबरलो. कागद दप्तरात आजीला सापडला. ती रागावली, पण माझ्यावर नव्हे. म्हणाली, “अरे, हे लोक भीती विकतात. झोपेत अंथरूण ओलं झालं म्हणून कुणी अशक्त होत नाही. शरीर मोठं होतंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि मनात काही आलं तर पाप नाही लागत. पाप लागतं दुसऱ्याच्या मनाविरुद्ध त्याला हात लावला तर. तुला कुणी तसा लावला, तर तो कितीही मोठा माणूस असो, आधी मला येऊन सांगायचं.”

ते 2007 साल होतं. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी किशोरवयीन मुलांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम शाळांमध्ये नको म्हणून थांबवला. आमच्या शाळेत पुढे प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला गेला. घरी वाचायला माझ्याकडे आजी होती. वर्गातल्या बाकीच्यांकडे तो कागद होता.

हे सगळं तिच्याकडे कुठून आलं, ते मला उशिरा कळलं. तिचे वडील गिरगावात राहायचे आणि र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक विषयांवरच्या मासिकाचे वर्गणीदार होते. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी ते मासिक पदरमोड करून चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांनी दंड भरला आणि उत्तरं देणं चालूच ठेवलं. वडील अंक कपाटात ठेवत, पण कुलूप लावत नसत. सोळा-सतरा वर्षांच्या आजीने ते दुपारी एकटीने वाचले. वडिलांना माहीत होतं, हे तिलाही माहीत होतं; दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. लग्न होऊन ती बंगळुरात आली. कर्व्यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1930 साली म्हैसूर संस्थानाने तेच काम सरकारी दवाखान्यांत सुरू केलं, याचा तिला सासरच्या मुलखाचा म्हणून अभिमान होता.

जुन्या बायकांत मोकळेपणा होताच, असं हल्ली ऐकतो. होता; डोहाळजेवणात, मंगळागौरीत, बाळंतिणीच्या खोलीत. पण तो बायकांपुरता आणि बहुधा लग्नानंतरचा. तेरा वर्षांच्या नातवाला त्यात जागा नव्हती. आजीने ती केली.

पुढे मी कॉलेजात असताना एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, “मला परवापासून अंगावरून जातंय. या वयात जायला नको. डॉक्टरकडे चल.” पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडासाही रक्तस्राव झाला तर तपासून घ्यायलाच हवा; तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. कितीतरी बायका तो महिनोन्महिने लपवतात, मुलाला सांगायचं कसं म्हणून. डॉक्टर तिला बाहेर बसवून मला सांगायला लागले, तेव्हा तिने दारातून आत येऊन सांगितलं, “शरीर माझं आहे, मला सांगा.” गाठ लवकर सापडली, गर्भाशय काढलं, आणि त्यानंतरही ती आमच्यात कित्येक हिवाळे डाळिंब्या सोलत राहिली.

आई परत आल्यावर एकदा मी हे सगळं तिच्यापाशी कौतुकाने बोललो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला नाही रे सांगितलं तिने यातलं काही.” मी आजीला विचारलं. तिने फिरवाफिरव केली नाही. “तुझ्या आईच्या वेळी माझ्या सासूबाई घरात होत्या. ती चार दिवस मागच्या खोलीत बसायची आणि मी ताट सरकवायची. माझी हिंमत झाली नाही.” म्हणजे आम्हाला मिळालं त्यातलं बरंचसं आईच्या वाट्याचं होतं. आजीचं ऋण मानताना मला आईचंही मानावं लागतं.

आता ताईची मुलगी दिवसभर आमच्या आईपाशी असते. नऊ वर्षांची आहे. मध्यंतरी आईने फोन करून विचारलं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ती लस इतक्या लहान वयात कशाला? मी सांगितलं, तो विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, म्हणून लागण होण्याची वेळ येण्याआधीच लस द्यायची. नऊ ते चौदा या वयात शरीर तिला उत्तम दाद देतं, आणि आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते. आईने दोनदा नीट विचारून घेतलं. म्हणाली, “सुई कशासाठी, हे ती मलाच विचारणार. मग खरं तेच सांगते तिला. तू मध्ये पडू नकोस.”